खंडेनवमीचा लॅपटॉप

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर दोन गोष्टी असायच्या. आजेसासऱ्यांची धारच्या दरबारातली तलवार आणि यांचा मापं घ्यायचा व्हर्नियर. तलवार कधी कुणावर चालली असेल असं मला वाटत नाही, व्हर्नियर मात्र रोज कारखान्यात चालायचा. हे रिटायर झाले आणि त्याच्या जागी लॅपटॉप आला. बंद झाकणावर कुंकवाचं बोट टेकवायचं, फूल ठेवायचं, झाली यांची पूजा. मग मी जेवायला हाक मारायची, हे "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. 'आलो' म्हणजे अर्धा तास, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. जन्मभर या माणसासाठी मी वरण पुन्हा पुन्हा तापवलं.

हे गेले. वर्षभर घरात सण नव्हते. वर्ष सरल्यावरची पहिली खंडेनवमी आली तेव्हा देवासच्या घरात मी एकटी, मुलगा अमेरिकेत. धारहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, शस्त्रपूजा तुम्ही कशी करणार? ती पुरुषांनी करायची असते."

"मग पाठवा एखादा," मी म्हटलं. तिनं फोन ठेवून दिला.

पूजा मांडली आणि नको तिथं माझं डोकं चाललं. बंद पेटीची कसली पूजा? देवाला काय आपण तोंड झाकून आंघोळ घालतो? लॅपटॉप सताड उघडला. तलवारीवर शिंपडलं तसंच फुलानं त्याच्यावर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मनापासून केलं हो, जराही हात आखडता घेतला नाही.

दसऱ्याला मुलाचा फोन. "आई, बाबांनी देवीची आरती रेकॉर्ड केली होती ना, ती भेज दे ना. इकडे पूजा ठेवलीय."

आमच्या कुलदेवीची आरती कुठल्याही पुस्तकात नाही. सासूबाईंच्या तोंडून ती यांनी घेतली, जुन्या वळणाची, अर्धे शब्द आता कुणी वापरत नाही असे. मुलगा हिंदी शाळेत शिकला, मराठी वाचताना त्याची गाडी खड्ड्यातून जाते. म्हणून यांनी ती लॅपटॉपवर म्हणून ठेवली होती. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. वर्षभर लॅपटॉप चालू करायची हिंमतच झाली नाही. आवाज ऐकला तर आपलं काही खरं नाही, असं वाटायचं.

त्या दिवशी चार्जर लावला आणि मन घट्ट करून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. दिवासुद्धा लागेना.

मुलाला सांगितलं तर म्हणाला, "पाणी? आई, लॅपटॉपवर पाणी?" आणि हसला. पोटचा पोर, पण त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. तो हसला कारण त्याला फक्त आरती हवी होती. माझं तसं नव्हतं. यांचा चेहरा फोटोत होता, आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. आणि खरं सांगते, तो मला आठवेनासा झाला होता. शब्द आठवायचे, खोकला आठवायचा, आवाज नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते.

बसस्टँडजवळ एक दुरुस्तीवाला होता. त्यानं लॅपटॉप उलटा करून झटकला तसे टेबलावर लाल तांदूळ पडले. "आंटी, ये चावल?"

"अक्षता," मी म्हटलं.

"बोर्ड तो गया. हार्ड डिस्क निकालके देखते हैं, बच गई तो सब मिल जाएगा. भगवान का नाम लो."

"भिया, भगवान का नाम लेके ही तो ये हुआ है."

तो हसला, मीही हसले आणि हसता हसताच डोळे भरून आले. त्यानं घाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. मेलं पाणीच नको झालं होतं मला.

त्यानं डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. बराच वेळ नुसती घरघर. मी पदराचं टोक पिळत बसले, गावातल्या टेकडीवरच्या देवीला नको नको ते नवस बोलले. शेवटी तो म्हणाला, "आ गया, आंटी," आणि आरती लावली.

आधी खोकला. मग हे गायला लागले, बेसूरच, नेहमीसारखे. हाच, हाच तो आवाज! दुसरं कडवं संपत आलं आणि मागून लांबून एक चिडकी बाई ओरडली, "अहो, पानं वाढलीत! येताय ना?"

हे गाता गाता थांबले. "आलो गं!" म्हणाले आणि पुढचं कडवं सुरू केलं. उठले नाहीतच.

दुरुस्तीवाला म्हणाला, "बीच में डिस्टर्ब है. काट दूँ? आरती साफ हो जाएगी."

"खबरदार!" मी इतक्या जोरात म्हटलं की दारातलं गिऱ्हाईक मागे सरलं.

मुलाला आरती पाठवली, मला एक सीडी करून घेतली. दुपारी पान वाढलं की मी ती लावते, दुसरं कडवं होऊ देते. हाक मारण्याची मला गरज नाही, ती आत आहेच. "आलो गं!" ऐकते आणि बंद करते. मग सवयीनं थांबते थोडा वेळ. वरण गार होतं. ते पुन्हा तापवते आणि एकटीच जेवायला बसते.