मांडवाबाहेरची धवलारीण

आधी ट्रस्टच्या बाजूचं लिहितो, कारण हिशेब एकतर्फी नसावा. भिवंडीजवळच्या वडप्याच्या एका आगरी कुटुंबाने हायवेलगतच्या जमिनी गोदामांना दिल्या आणि येणाऱ्या भाड्यातला एक हिस्सा ट्रस्ट करून आशियाई कला-संस्कृतीसाठी बाजूला काढला. वर्षानुवर्षं काढला, एकदाही खंड न पाडता. दर हिवाळ्यात भिवंडीत त्यांचा महोत्सव व्हायचा. जावाहून सावल्यांच्या बाहुल्या आल्या, जपानहून ढोलवाले आले. मीही बायकामुलांना घेऊन ते पाहिलं, आणि पाहून आनंदच झाला. खारबावला राहणाऱ्या माझ्या मावशीला ट्रस्ट दर महिन्याच्या एक तारखेला मानधन देत असे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशनही त्यांनीच करून दिलं. त्याबद्दल मी तेव्हाही आभार मानले, आजही मानतो.

मावशी धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी मुहूर्तापुरते येतात, बाकी सगळं धवलारणीच्या तोंडून होतं. मांडव घातला की ती एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, हळद लागताना धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते, मुलगी निघेपर्यंत गातच राहते. मात्र घरच्या माणसाने आधी आमंत्रणाची सुपारी आणून द्यायला हवी. सुपारीशिवाय ती सख्ख्या भावाच्या मांडवातही पाय ठेवत नाही.

ट्रस्टचे शेठ तिला स्टेजवरून 'आमच्या संस्कृतीची आई' म्हणत. लोक टाळ्या वाजवत. एका वर्षी त्या शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. मावशीने लगेच त्या दोन दिवसांची बाकीची घरं नाकारली आणि नवं हिरवं लुगडं घेतलं. मी म्हटलं, आधी सुपारी तर येऊ दे. ती हसली.

"घरची माणसं हायत ती, बाला. आयुष्यभर पोरींची लग्नं गायली, हिचं न्हाय गायलं तर मीच कोनाची?"

सुपारी आली नाही. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा ट्रस्टच्या मॅनेजरचा फोन आला, तोही मला, कारण मावशीकडे फोन नव्हता. हळदीला डीजे ठरला होता. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होतं. संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन, तिथे परदेशी पाहुणे. त्यांच्यासमोर मावशीने पंधरा मिनिटं हळदीचे धवले गायचे, नवरा-नवरी पुन्हा पाटावर बसतील, हळदीची वाटी ठेवलेली असेल. फोटो छान येतील, असंही तो म्हणाला.

मी शेठच्या ऑफिसात गेलो. चहा आला, विचारपूसही झाली. मी विचारलं, खऱ्या हळदीला मावशीला का बोलावत नाही? ते म्हणाले की मुलीच्या सासरची माणसं शहरातली, त्यांना रात्रभरचं गाणं झेपणार नाही, पोरांनाही नाचायचं असतं. मग समजूत घालावी तसे बोलले, "अरे, कार्यक्रम ठेवलाय ना तिचा. चांगला मोठा स्टेज आहे. आणखी काय पाहिजे?"

हे एखाद्या परक्या माणसाने विचारलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. पण शेठची स्वतःची हळद धवल्यांशिवाय लागली नव्हती. लग्न लागून गेल्यावर देवांना लग्नाला बोलवायचं, हा घोळ आगऱ्याच्या घरात दुसऱ्या कोणी घातला असता तर त्यांनीच त्याची टर उडवली असती. जपली काय ती कला? घरात नको झालेली वस्तू दिवाणखान्यात काचेआड मांडावी तसं त्यांनी मावशीला ठेवलं होतं, आणि त्या काचेला आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मी तर पहिल्या रांगेत बसून.

मावशीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पोरगी आदीच सासरची झाली, मंग हलद कोनाची गाऊ?" मी म्हटलं, आजारी आहेस असं कळवतो, मानधनावर गदा नको. त्यावर ती माझ्यावरच उखडली. आजारी म्हणायचं नाही, येत नाही म्हणायचं. मी तसंच कळवलं.

मावशी गेली नाही. मी गेलो, पत्रिका होती म्हणून. तिच्या आवाजाची सीडी ट्रस्टनेच काढली होती, ती लावली. नवरीने मेकअप सांभाळत गालाला हळदीचं बोट लावून घेतलं, एका पाहुण्याने ते दोनदा करायला लावलं. मी न जेवता निघालो.

एक तारखेला मानधन नेहमीसारखं आलं. त्यांना राग आला नव्हता; राग यावा असं काही घडलंय, हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्याचाच मला जास्त संताप आला. मी मावशीला म्हटलं, परत करतो.

"क्याला?" ती म्हणाली. "महोत्सवात गायले त्याचे हायत. ते राहूदे. त्याना सांग, पोरगा हाय अजून लग्नाचा. त्याच्या हलदीआदी सुपारी घेऊन या म्हनावं, मी येते. मांडवात. स्टेजवर आता न्हाय."

मी मॅनेजरला फोन करून शब्दाला शब्द हेच सांगितलं. त्याने आनंदाने लिहून घेतलं आणि विचारलं, "किती मिनिटांचं धरू?"

मी म्हणालो, "सून घरात येईपर्यंतचं."