छाटलेली फांदी

सिन्नरच्या एसटीत ती रोज माझ्या शेजारी बसायची, मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून. तिचा नवरा ज्यात कामाला होता, तो कारखाना बंद पडला होता. सरकारने तो चालवायला घ्यावा म्हणून कामगार फाटकापाशी धरणं धरून बसले होते; डबा तिथे बसलेल्या नवऱ्यासाठी असायचा.

एकदा समोरच्या सीटवरचे द्राक्षबागायतदार काका म्हणाले, "सरकारनं कशाला वाचवायचा? बुडू द्या! बाग छाटल्याशिवाय फुटते का?"

गाडीत सगळे हसले. तिने डब्याचं झाकण उगाचच दाबलं.

"फुटते ना, काका. पण फांदी नवी फुटते. छाटलेलीचं तुम्ही काय करता?"

जळण करतात, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. काकांचं म्हणणं मला खोटं वाटलं नव्हतं. म्हणूनच तिच्याकडे बघवेना.

फाटक जवळ आलं, तेव्हा काकांनीच ओरडून तिच्यासाठी गाडी थांबवायला सांगितली.