पाणी न पिणारं कापड

महेशचा फोन आला तेव्हा मी कपाट आवरत होते. "वैजू, आई गेली गं," एवढंच म्हणाला. माझ्या हातात त्याच्या आईसाठी, म्हणजे माझ्या सुलूमावशीसाठी, काढून ठेवलेली जुन्या कपड्यांची पिशवी होती... ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.

रेवसला खाडीकाठी मावशीचं घर. पडवीत बसून जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, हा तिचा जन्मभराचा उद्योग. गावात कुणाचं लुगडं विरलं की ते तिच्याकडे यायचं. ओहोटीला काठच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांत अडकलेले कपडेसुद्धा ती काठीने ओढून आणायची आणि धुऊन वाळवायची. मी पनवेलला नोकरीला लागल्यावर सणासुदीला एक पिशवी नेऊ लागले, पुढे दर महिन्याला. दोनदा घातलेले कुर्ते, लेगिंग्ज, सेलमध्ये उगाच घेतलेले टॉप. "मी काही टाकत नाही हो, मावशीला देते," असं ऑफिसात मिरवायचे आणि त्याच जोरावर नवं मागवायचे.

कपडा हातात आला की मावशी त्यावर पाण्याचं बोट टेकवायची. थेंब जिरला तर तो कपडा गोधडीच्या वरच्या अंगाला. माझ्या कपड्यांवर थेंब तसाच बसून राहायचा. "ह्याला पानी पिताच येत न्हाय गं," ती म्हणायची, "अंगावर घेतलं तर घाम कुठं जायचा?" मग तो कपडा आतल्या थरात जायचा. टाका सरकायचा, ती उसवून पुन्हा घालायची, पण टाकून देणं तिच्या रक्तातच नव्हतं. शेवटी पडवीत पिशव्या पार कौलांपर्यंत गेल्या. "वैजू, माझे हात दोनच हायत," ती हसत म्हणाली. मीही हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

शेवटची भेट गणपतीतली. स्वतःची गोधडी पायांवर ओढून ती म्हणाली, "मी गेले की ही खाडीत सोडू देऊ नको. जन्मभर त्या पान्यातनं कपडं काढलं मी... महेशला सांग." मी कबूल केलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण पाण्यात सोडतात. मी पोचले तेव्हा तिच्या गोधडीसकट वळकटी बांधून तयार होती. मी महेशला म्हटलं, "अरे, मावशीनं सांगितलं होतं..." त्याने मागे उभ्या भावकीकडे पाहिलं. भावकीतले एक काका म्हणाले, "गेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत, पोरी." मी वाटेतून बाजूला झाले. वळकटी माझ्यासमोरून गेली.

तेराव्याच्या सकाळी ओहोटी होती. मावशी जिथून कपडे ओढायची तिथेच, तिवरांत, ती गोधडी अडकली होती. मी तिचीच काठी घेऊन गेले. चिखलाने इतकी जड झाली होती की मला एकटीला ओढवेना. महेश आला. दोघांनी मिळून काढली.

आता ती पनवेलला माझ्या बाल्कनीत आहे. तीनदा धुतली. वरचं सुती लुगडं फांद्यांनी फाटून त्याच्या चिंध्या झाल्यात. आतून माझा गुलाबी कुर्ता बाहेर आलाय, दुकानातून आणला तेव्हा होता तसाच झगझगीत. काल त्यावर बोट ओलं करून टेकवलं. थेंब तसाच बसून राहिला. शेजारी त्या दिवशीची पिशवी आहे, अजून भरलेली... आणि ती नेऊन द्यावी असं आता कुणी नाही.