खोटं बी

आमच्याकडं टकरीचे एडके होते, आणि आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, एकच कायदा होता. जत्रेत टक्कर घेताना ज्या एडक्याची मान डळमळली, त्याला घरी आणून आडवा पाडायचा, बाकीच्यांनी पाय धरायचे आणि आप्पांनी लाकडी मोगरीनं त्याला बडवायचा. अंड ठेचून कायमचा खच्ची. त्याची कोकरं दुसऱ्या दिवशी खाटकाच्या टेम्पोत. तो ओरडायला लागला की मी कानात बोटं घालायची. आप्पा म्हणायचे, "खोटं बी हाय पोरी. आज दया केली तर उद्या सगळा कळप नासवंल."

मग आप्पांचाच हात कापायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग मान. आज्याचं, म्हणजे आप्पांच्या वडलांचंही असंच झालं होतं. शेवटी त्याला पाण्याचा तांब्या धरवत नव्हता. मी शहरात शाळेत शिकवते, म्हणून सोलापूरच्या दवाखान्यात मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, त्यांना घेऊन गेलो. कंपवात आहे, डॉक्टर म्हणाले. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतंय. आज्याचं ऐकल्यावर त्यांनी आणखी सांगितलं. ते रसायन पकडणारे रिसेप्टर पेशींवर कुलपासारखे असतात, आणि त्या कुलपाची घडण जनुकातून येते, माणसागणिक जराशी वेगळी. "एखाद्या घडणीनं धोका थोडा वाढत असावा, असा संशय आहे. ते रक्तातून पुढं जाऊ शकतं, पण..."

पण ऐकायला आप्पा खुर्चीत होते कुठं? ते दाराबाहेर गेले होते. पुढचं मी ऐकलं: अजून नक्की काहीच ठरलेलं नाही, आणि तशी घडण असूनही कितीतरी जण ठणठणीत म्हातारे होतात. परतीच्या बसमध्ये वळसंग गाव येईपर्यंत घसा कोरडा करून मी हे आप्पांना सांगितलं.

घरी वहिनी होती, तिला तिसरा महिना. अंगणात पाय ठेवला तोच आप्पांनी खुंटीवरची मोगरी काढली आणि वहिनीच्या पोटाकडं, मग दादाकडं बोट केलं.

"त्ये पाडून टाका. आन ह्येला मी बडवतो. हितंच संपू द्या समदं."

दादाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तो हसला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटला, दात निखळला, शर्ट रक्तानं भिजला, आणि हा शहाणा बापावर हात उचलायचा नाही म्हणून तसाच उभा! आप्पांनी तिसऱ्यांदा मोगरी उचलली तेव्हा माझं डोकं फिरलं. माझा राग बापाचाच आहे, तो कुठल्या कुलपातून आला देव जाणे. दारामागची काठी घेतली आणि बापाच्या मनगटावर हाणली. मोगरी खाली पडली.

"आज्याचा बी हात कापत हुता की! मग तुमाला कशाला जगवलं?"

आप्पा मटकन खाली बसले. मनगट टरारून सुजत होतं आणि तरी कापायचं थांबत नव्हतं.

"मला जगवलं म्हनून तर सांगतोय," ते म्हणाले. "लई हाल हैत गं पोरी."

काठी टाकून मी तिथंच रडायला लागले. बापाला मारल्याचं नव्हे, त्याच्या त्या बोलण्याचं रडू आलं.

वहिनीनं मोगरी उचलली आणि ती आत गेली. ही आता माहेरची पिशवी भरणार, असं मला वाटलं. आतून धूर आला. तिनं मोगरी चुलीत सारली होती. मग ती ताट घेऊन बाहेर आली, आमटीत चुरलेली भाकरी. आप्पांच्या हातून घास सांडायला लागल्यापासून तीच त्यांना भरवायची. ती सासऱ्यांसमोर बसली.

"मामा, हात तुमचा कापतोय, पोट माझं हाय. उद्या माझ्या प्वाराचा हात कापला, तर त्येला बी कुनीतरी भरवंलच की. तोंड उघडा."

आप्पांनी तोंड उघडलं. अर्धा घास दाढीवर सांडला. तिनं तो पदरानं पुसला आणि दुसरा कालवायला घेतला.