तेविसावा डबा

१९ जानेवारी २०२४ रोजी कासुर्डीच्या अंगणवाडीसेविका नीलमताईंनी माता-सभेच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ३३० रुपयांचे बावीस डबे आणले. पोरक्या सुमैयाला तिचे आजोबा, पाशाचाचा, एकटे सांभाळत. दर सभेला ते बाहेर चपलांपाशी थांबत. इकडे नातीचं वजन घटत चाललं होतं आणि तिला काय खाऊ घालावं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"आत या, चाचा."

"बायकांत माझं काय काम हाय, ताई?"

"आता चाचांना कुंकू लावायचं व्हय?" सभेला आलेल्या आयांपैकी अनिता हसली.

"अगं, सुमैयाला रोज भरवतंय कोण? तू?" ताईंनी तिला विचारलं.

अनितानं सरकून सतरंजीवर जागा केली. ताईंनी आहार नीट समजावला आणि दुकानातून उधारीवर आणखी एक डबा आणून चाचांच्या हातात ठेवला. त्याचे पंधरा रुपये अजून द्यायचे आहेत.