मोडनिंबातला पायॉन

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सोलापुरात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो आणि सुट्टीत पुण्याला जाऊन पीएच.डी.चं काम करायचो. थोरल्या भावाने मला मोडनिंबला मुलगी बघायला नेलं. एसटीतच त्याने बजावलं, "विचारतील तेवढंच बोल."

मुलीच्या वडिलांचा भुसार मालाचा धंदा. पोह्यांची बशी सरकवत त्यांनी विचारलं, "तुमी संशोधन कशावर करता?"

"पायॉनवर."

भावाने डोळे मिटले.

"ते काय असतंय?"

आता विचारलंच होतं. मी सांगितलं, अणूच्या गाभ्यात क्वार्क नावाचे कण असतात. त्यांची गिरकी डावी असते किंवा उजवी. मुळात दोघांचे संसार वेगळे असायला हवेत. पण रिकामी वाटणारी पोकळीच त्यांच्या जोड्या लावते आणि ते वेगळेपण मोडते.

"जोड्या लावते? म्हंजे आपल्या मध्यस्थावानी की!" मुलीचे मामा खूश झाले.

मला चेव चढला. मी परात आणि एक लिंबू मागितलं. मुलगीच घेऊन आली. परातीचा तळ मधोमध फुगलेला होता. त्या टेंगळावर मी अख्खं लिंबू ठेवलं, तसं ते घरंगळून कडेला गेलं.

"पोकळीही ह्या लिंबासारखीच. कुठल्या बाजूला पडेल ते सांगता येत नाही," मी गुडघ्यांवर बसत म्हणालो. "पण पडल्यावर वर चढवायला जोर लागतो, कडेकडेनं गोल फिरवायला जवळजवळ लागत नाही. ते सहज फिरणं म्हणजे पायॉन. म्हणून हा कण इतका हलका."

मुलगी पहिल्यांदाच बोलली, "पण ते सारखं दाराकडंच येतंय की."

फरशीला दाराकडे उतार होता. मी जवळजवळ ओरडलोच, "बरोबर! क्वार्कांनाही थोडं वस्तुमान असतं, म्हणून खरी परातही किंचित कललेली असते. नाहीतर पायॉनला वस्तुमानच उरलं नसतं!"

वडील गंभीरपणे म्हणाले, "ह्याच्यावर पगार मिळतो का?"

"शिकवण्याचा मिळतो."

"मग हरकत न्हाय."

परत सोलापूरच्या स्टँडवर उतरल्यावर भाऊ म्हणाला, "स्थळ गेलं."

आठवड्याभरात होकार आला. लग्नानंतर मी बायकोला कारण विचारलं.

"समजलं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "पण आधी आलेल्यांनी मला गाणं येतं का, भाकरी येते का, एवढंच विचारलं. माझं म्हणणं बरोबर आहे असं ओरडून सांगणारे तुम्हीच पहिले."