सुनेत्राबाईंचं नाक आणि वल्लरीचा पापुद्रा

मानेसरच्या मटण-कंपनीत सुनेत्रा मोहित्यांच्या नाकाला मान होता. नवरा मुरलीधर फौजेतून निवृत्त झाला, दिल्लीतल्या द्वारकेत घर झालं आणि बाई कंपनीच्या बसने कामाला जाऊ लागल्या. काम एकच. कच्च्या मटणाचा वास घ्यायचा आणि ते विकण्याजोगं आहे की नाही ते सांगायचं. एकोणीस वर्षांत त्यांचा शब्द एकदाही चुकला नव्हता. "सुनेत्राजी ने बोल दिया, तो फाइनल," साहेब म्हणायचे.

मग पुण्याहून वल्लरी आली. सत्तावीस वर्षांच्या त्या पोरीने स्टार्च आणि लवंगेच्या तेलाचा पातळ पापुद्रा तयार केला. आरपार दिसणारा, मटणाबरोबर शिजवून खाता येणारा. तो गुंडाळला की फ्रिजमध्ये चार दिवस टिकणारं मटण नऊ दिवस टिकतं, असं ती म्हणे. ते खरं की नाही, हे बाईंच्या नाकाची परीक्षा घेऊन ठरायचं होतं. साहेब सकाळी आले की आता आधी तिच्या टेबलाशी थांबत. जेवणाच्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती. बाईंना तिचं हसणंसुद्धा खुपू लागलं.

"नऊ दिवस काय टिकणार? लवंगेने वास झाकायचा, झालं," त्या घरी धुसफुसायच्या.

"अगं, मग परीक्षेत पकडशील की," मुरलीधर पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

बाईंनी तेच ठरवलं. लवंगेचा वास येईल तो वाडगा नापास.

परीक्षेच्या दिवशी त्या लहान खोलीत नेहमीसारखा लाल दिवा होता, मटणाचा रंग कळू नये म्हणून. समोर तीन झाकलेले वाडगे. एकात आजचं मटण, एकात नऊ दिवसांचं साधं, एकात नऊ दिवसांचं पापुद्र्याचं. कुठलं कशात, ते फक्त वल्लरीच्या वहीत. बाईंनी पहिलं झाकण उचललं. लवंग. दुसरं उचललं. लवंगच. तिसऱ्यातही तीच.

"वल्लरी!" त्या दारातून ओरडल्या. "हे काय चालवलंयस?"

"काकू, तुम्हाला वासावरून माझा ओळखू येऊ नये ना, म्हणून तिन्हींना आत्ताच तेल लावलंय. चालेल ना?"

त्या पुन्हा बसल्या. पहिला वाडगा खराब होता, लवंगेखाली आंबूस दर्प लपत नव्हता. उरलेले दोन मात्र चांगले. त्यातला एक त्या पोरीचा. तो नापास करायचा, पण कुठला? चुकून आजचंच मटण खराब म्हटलं, तर एकोणीस वर्षांचं नाव एका सहीने जाणार. त्यांनी चारदा वास घेतला, बाहेरच्या खिडकीशी जाऊन नाक मोकळं केलं, परत आल्या. फरक कळेना. शेवटी दोन्हींपुढे 'ताजं' लिहिलं आणि सही केली.

वल्लरी धावत आली. "काकू, तुमचा शब्द आहे म्हणजे आता कोणी शंका घेणार नाही!"

"हात धुतलेस का? मटणाचे हात घेऊन अंगाशी येऊ नकोस."

साहेबांनी मोतीचुराचे लाडू मागवले. बाईंनी उपवास सांगितला. मंगळवार होता आणि त्या मंगळवार कधीच करत नसत.

घरी मुरलीधरने विचारलं, "काय, पकडलंस?"

"चांगला आहे हो तो पापुद्रा," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि त्याच्यासमोरची चहाची कपबशी तो पिऊन व्हायच्या आतच उचलून घेऊन गेल्या.